बिजागरी कसाले जोयजे?

रात्री साडेअकराला 'फट्' झालं, बिजागरी स्क्रूसकट निघाली आणि गिटारची तिसरी तार सरळ हनुवटीवर बसली. रक्त फार आलं नाही. डोकं मात्र अजून फिरलेलंच आहे, म्हणून लिहितोय.

गिटार घरी बनवतोय. तेलाचा पंधरा किलोचा डबा, त्यातून आरपार घातलेली सागाची पट्टी, वर तीन खुंट्या, तीन तारा. अमळनेरला डब्याचं दुःख नाही. 1945 साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, पुढे त्याचीच विप्रो झाली. तेल आणि डबे गावाच्या पाचवीलाच पुजलेले. पट्टी सुताराकडे मिळाली, तारा ज्यावर टेकतात ती घोडी म्हणून जाड बोल्ट आडवा ठेवला. इथवर सगळं दोन रविवारांत झालं. त्यानंतरचे पाच रविवार मी फक्त एका गोष्टीवर घालवलेत: तारांची खालची टोकं अडकवायची कशाला?

व्हिडिओवाले काय सांगतात? "घरात पडलेली एखादी जुनी बिजागरी घ्या." अरे बाबांनो, आमच्या घरात बिजागरी 'पडलेली' नसते. ती कशाला तरी लावलेली असते! आणि हे वाक्य ते तीन सेकंदांत उरकतात. डब्याला रंग कसा द्यायचा यावर मात्र वीस मिनिटं.

गेलो हार्डवेअरच्या दुकानात. "तीन इंची बिजागरी द्या, एकच."

"कसाले जोयजे भाऊ? दरवाजाले का पेटीले?"

"गिटारले."

दुकानातले चार जण वळून बघायला लागले. "मंग गिटारना दुकानमा जाय ना भाऊ." आणि एक मिळणार नाही, जोडीच घ्यावी लागेल. घेतली. हातात घेतल्यावर कळलं की हे बिजागरी नाही, बिजागरीचा फोटो आहे. पत्रा इतका पातळ की नखाने वाकेल. वर सोनेरी मुलामा, म्हणून म्हणायचं पितळी.

घरी आल्यावर पहिला शोध. गिटारच्या तारेच्या टोकाला जो पितळी मणी असतो तो साधारण चार मिलिमीटरचा. बिजागरीचं भोक पाच मिलिमीटरचं. मणी ऐटीत भोकातून पलीकडे! परत दुकान. एक सुताचे तीन वॉशर मागितले तर म्हणे पाव किलोच्या खाली देत नाही. आता माझ्याकडे आयुष्यभर पुरतील इतके वॉशर आहेत. कोणाला हवेत तर सांगा.

वॉशर घातले, मणी अडकले. मग भोकाची धार. ठोकून पाडलेलं भोक, कडेला करवतीसारखे दाते. सेटमधल्या चौथ्या तारेवरचं वेटोळं तिथेच उसवलं. कानसने धार मारली, नवी तार आणली. सुटी तार मिळत नाही, अख्खा सेट घ्यायचा, त्यातल्या तीन वापरायच्या आणि तीन खिळ्याला टांगून ठेवायच्या. तेही सोसलं. मग काल रात्री स्क्रूच उपटले.

चूक माझी होती, पण सांगितली कोणी नव्हती. बिजागरीचं एक पातं मी पट्टीच्या टोकाच्या तोंडावर ठोकलं होतं, म्हणजे लाकडाच्या रेषा जिथे संपतात तिथे. त्या तोंडात स्क्रू धरत नाही, रेषांच्या मधून सरळ घसरत बाहेर येतो. आडवा मारला असता तर धरला असता. आणि ओढ काय थोडी असते? सेटमधली पाचवी, चौथी आणि तिसरी तार घेऊन जी-डी-जी या सुरांत लावल्या, पाचवी एक सूर उतरवली, तरी तिन्ही मिळून वीस किलोच्या वर ओढ. रात्रंदिवस. झोपेतसुद्धा. अर्धी गोणी पाऊण इंची स्क्रूंवर टांगून मी निवांत जेवायला बसत होतो.

"त्यापेक्षा सरळ खिळे ठोक ना," इति शेजारचे काका. ठोकले होते, काका! दुसऱ्याच खिळ्याला पट्टी चिरली. अमेरिकेत दक्षिणेकडचे लोक घराच्या भिंतीला दोन खिळे मारून त्यावर झाडूची तार ताणायचे, मध्ये बाटली खुपसायची, झालं वाद्य. पण त्यांच्याकडे अख्खी भिंत होती हो. माझ्याकडे दीड इंच लाकूड आहे.

सगळ्यात चीड याची येते की आपल्याकडे हा प्रश्न कधीचा सुटलेला आहे. सतारीला, तंबोऱ्याला भोपळ्याच्या खाली एक तुकडा असतो, सगळ्या तारा त्यालाच अडकतात. त्याला लंगोट म्हणतात. नाव हसण्यासारखं, पण काम चोख. वाघ्याचं तुणतुणं बघा, तार खालच्या चामड्याच्या मधोमध भोकातून घेऊन पलीकडून अडकवलेली. संपलं. पण मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "लंगोट आहे का" असं विचारायचं? बिजागरी मागितली तर चार जण वळले होते.

शेवटी आज सकाळी सायकलवाल्याकडे बसलो होतो, डोकं शांत करायला. समोर डबीत स्पोकची निपलं. बारीक, पितळी, एका बाजूला फुगीर डोकं, आरपार भोक. पट्टीला खालून वर चार मिलिमीटरची तीन भोकं पाडली, खालून निपलं बसवली, त्यातून तारा वर काढल्या. मणी डोक्यावर अडकला. स्क्रू नाही, बिजागरी नाही. त्याने पैसेही घेतले नाहीत, वर विचारलंही नाही कसाले ते.

दुपारपासून सूर टिकलाय. पण तारा वर जिथे लाकडाच्या कडेवर वळतात तिथे आत्ताच बारीक चऱ्या दिसायला लागल्यात. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. तिथे आडवी एखादी पितळी पट्टी बसवावी लागणार, जाड, जुन्या मालाची. आईच्या लग्नातल्या पेटीला आहे तशी. मी फक्त बघत होतो. तिने झाकणावर गव्हाचा डबा आणून ठेवलाय.