एन-९५ने थिनरची वाफ अडत नाही

‘एन-९५ असला की धूळ, धूर, रंगाचा वास सगळ्यापासून संरक्षण मिळतं’ हे तुमच्या मास्कवरच्या लेखातलं वाक्य चुकीचं आहे, आणि असल्या वाक्यावर विसंबून कुणीतरी बंद खोलीत दिवसभर स्प्रे पेंट मारत बसेल म्हणून लिहितोय. एन-९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण किमान ९५ टक्के अडवणारा मास्क. कण! थिनर, पॉलिशची वाफ म्हणजे कण नव्हेत, ती सरळ आरपार येते. त्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बनचं कार्ट्रिज (वाफ शोषणाऱ्या कोळशाची डबी) असलेला, नाक-तोंड झाकणारा रबरी हाफ मास्क तरी लागतोच, आणि स्प्रे मारायचा असेल तर कार्ट्रिजवर कण अडवणारा प्रीफिल्टर पण, कारण स्प्रेत बारीक थेंबही उडतात.

माझा भाऊ फर्निचर पॉलिशचं काम करतो, त्याच्याकडची मुलं साध्या मास्कवर काम करायची तेव्हा संध्याकाळपर्यंत डोकं जड व्हायचं, कार्ट्रिजवाले मास्क आणल्यापासून ती तक्रार गेली. पण तो दोन गोष्टी फार कडक पाळतो, काम झालं की मास्क हवाबंद डब्यात (कार्बन नुसता उघडा ठेवला तरी हवेतली वाफ शोषून संपत जातो) आणि दाढी साफ, नाहीतर कडेनं हवा आत शिरते आणि कितीही भारी फिल्टर असला तरी उपयोग शून्य. आणि बंद टाकीत किंवा विहिरीत उतरायचं असेल तर यातला कुठलाच मास्क चालत नाही, फिल्टर हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. एवढं तरी लेखात टाका प्लीज.