आधी खुर्ची दुरुस्त होते का ते बघा, मग तिचं ख्रिसमस ट्री करा

आज दुपारपासून डोकं सणकलंय. कुणीतरी मला एक व्हिडिओ पाठवला, 'हे अगदी तुझ्यासाठीच!' असं लिहून आणि पुढे हसरे चेहरे टाकून. त्यात एक बाई जुन्या खुर्चीचे पाय करवतीने कापते, त्यांना पोपटी रंग फासते, टोकाला सोनेरी तारा चिकटवते आणि टाळ्या वाजवत म्हणते, 'टाकाऊतून टिकाऊ! चार छोटी ख्रिसमस ट्री!'

टाकाऊ? ती खुर्ची टाकाऊ होती? पाठीची कमान एकसंध होती, वेताची बैठक शाबूत होती, कुठे चीर नाही की कीड नाही. फक्त डुगडुगत होती. व्हिडिओच्या सुरुवातीला ती बाई स्वतःच हलवून दाखवते, बघा कशी खिळखिळी झालीय म्हणून. अगं बाई, मग स्क्रू आवळ ना! वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीचा तो घाट फर्निचरकार मिखाएल थोनेटचा, 1859 सालचा. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, संपली खुर्ची. सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात 36 खुर्च्या मावायच्या. म्हणजे जी वस्तू मुळातच खोलण्या-जोडण्यासाठी बनवली, तिच्यावर हिने करवत चालवली. पाच मिनिटांचं काम होतं हो ते.

आता तुम्ही म्हणाल, तू स्वतःच तर मोडक्या फर्निचरची झाडं करतेस. करते. म्हणूनच तर राग येतो.

मामाची खुर्ची तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, मागे फोटो टाकला होता. मागचा डावा पाय बैठकीच्या सांध्यापाशी मोडला होता. खुर्च्या तिथेच मोडतात, कारण दोन बाजूंनी कुसवांची (म्हणजे दुसऱ्या लाकडाचं घडवलेलं टोक आत बसतं ती) भोकं पाडून लाकूड तिथेच सगळ्यात बारीक झालेलं असतं आणि मागे रेलणाऱ्या माणसाचं सगळं वजनही तिथेच येतं. कुणीतरी पूर्वी खिळे ठोकून पाहिले होते, त्याने पाय आणखी उभा चिरला. वर बैठकीची चौकट किडीने पोखरलेली, नख रुतवलं की भुगा. मी ती आधी सुताराकडेच नेली. त्यांनी उलटीपालटी केली, ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, 'ताई, पुढचे पाय, आडवी दांडी नि पाठीचे गज चांगले आहेत. बाकी काही राहिलेलं नाही.' त्यानंतर मी तिला हात लावला. त्यानंतर!

आणि करवत नाही लावली. जुनी खुर्ची सरसाने जोडलेली असते, जनावरांच्या कातडी-हाडांच्या त्या जुन्या सरसाने, आणि सरस ऊब आणि ओल मिळाली की सुटतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्याभोवती गुंडाळायचं, थांबायचं, पुन्हा गुंडाळायचं. मग लाकडी हातोडीने हलकेच टकटक. कुसू बाहेर येतो तेव्हा 'पुच्' असा ओला आवाज होतो. आतलं लाकूड बघण्यासारखं होतं. बाहेरून खुर्ची काळपट तपकिरी, पण सांध्याच्या आत मधासारखा रंग, कारण जोडणी झाल्यापासून त्याला उजेडच लागला नव्हता. आणि प्रत्येक कुसवावर टोच्याने ओढलेल्या रेघा. एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. कुठला कुसू कुठल्या भोकात, याची कारागिराने स्वतःसाठी केलेली खूण. ती कुणी बघावी म्हणून केलेली नव्हती. करवतीने कापलं असतं तर त्या रेघा भुशात गेल्या असत्या.

असो. (हे लिहिता लिहिता जरा शांत झालेय.)

झाडाचं म्हणाल तर कातीव (लेथवर फिरवून घडवलेला) पाय फक्त उलटा करा. खाली निमुळता होत जाणारा पाय उलटा केला की आपोआप शेंडा होतो, लेथवर पाडलेली वलयं फांद्यांच्या थरांसारखी दिसतात, आणि बैठकीला जोडायला जो भाग चौकोनी ठेवलेला असतो तो खाली येऊन झाडाचा पाया होतो. तळ सपाट घासला की झाड आपलं आपण उभं राहतं. रंग नको, तारा नको. कुसवांची दोन भोकंही मी बुजवत नाही. बुजवायची कशाला? तो पाय होता हे दिसू दे की. पाठीच्या गजांचं वेगळं झाड होतं: उतरत्या लांबीचे तुकडे, प्रत्येकाच्या मधोमध भोक, सगळे एका उभ्या सळईत ओवायचे आणि थोडे थोडे फिरवत जायचे. गोल गज ड्रिलखाली सटकतो, म्हणून तो व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यात बसवूनच भोक पाडा, नाहीतर बोट जाईल.

मामा पायांमधल्या आडव्या दांडीवर टाच अडकवून बसायचा, कायम. त्या दांडीला मधोमध टाचेने झिजून खळगा पडला होता, गुळगुळीत. ती मी सगळ्यात खालची फांदी म्हणून लावली, खळगा वरच्या बाजूला ठेवून. मामाने झाड हातात घेतलं, अंगठा बरोबर त्या खळग्यात ठेवला आणि म्हणाला, 'ही माझी दांडी.' पुढे काही बोलला नाही. मीही नाही.

आणि तुम्ही पोपटी रंग फासता.

रंगावरून पुन्हा पारा चढला. त्या व्हिडिओत खुर्चीला जुना पांढरा रंग होता, थरावर थर, पापुद्रे सुटलेले. बाई तो कोरडा घासतेय, तोंडाला मास्क नाही, धूळ उडतेय आणि शेजारी मूल बसलंय. जुन्या रंगात शिसं असतं! अमेरिकेतसुद्धा घरगुती रंगांतलं शिसं 1978 मध्ये बंद झालं, त्याआधीच्या फर्निचरचा भरवसा नाही. तो रंग कोरडा घासायचा नाही, मुलाजवळ तर अजिबात नाही. तीच गोष्ट किडीची. भोकांतून ताजा भुगा पडत असेल तर आत अळी जिवंत आहे, तो तुकडा कापून टेबलावर सजवायचा नसतो. संग्रहालयवाले असं लाकूड पिशवीत बंद करून उणे 30 अंशांत तीन दिवस ठेवतात. एवढं जमत नसेल तर तो तुकडा सोडून द्या, मामाची पोखरलेली चौकट मीही सोडूनच दिली.

बरं, मान्य. सगळ्यांना दुरुस्ती जमत नाही आणि सगळ्या खुर्च्या वाचवण्यालायकही नसतात. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचं फर्निचर एकदा फुगलं की त्याची खुर्चीही होत नाही आणि झाडही. आणि हो, त्या बाईने निदान प्लास्टिकचं झाड तरी विकत घेतलं नाही. झालं समाधान?

पण 'झाड एवढंसंच का?' असं विचारणाऱ्यांचं काय करायचं ते मला कळत नाही. मामाच्या झाडालाही एका पाहुण्याने हाच प्रश्न विचारला. अहो, व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा अल्बर्ट यांचं जे चित्र 1848 मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये छापून आलं आणि ज्याने घरोघरी ही झाडं नेली, त्यातलं झाड टेबलावरच ठेवलेलं आहे. दोनच वर्षांनी एका अमेरिकी मासिकाने तेच चित्र राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा पुसून छापलं. मिशा काढल्या, पण झाड टेबलावरच राहू दिलं. जर्मनीत तर एकोणिसाव्या शतकात हंसांच्या (गूज पक्ष्यांच्या) हिरव्या रंगवलेल्या पिसांची झाडं करत. तेव्हा खरं झाड म्हणजे छताला टेकलेलंच, हे मला सांगू नका.

ज्याने व्हिडिओ पाठवला त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्याच्याकडे कोपऱ्यात एक आरामखुर्ची पडलीय, हात निखळलेला, बाकी ठणठणीत. मला आता वेगळीच शंका येतेय. बाबा रे, करवत खाली ठेव. फडकं आणि गरम पाणी तयार ठेव, रविवारी मी येतेय.

ता. क. मामाच्या खुर्चीचे पाठीचे तीन गज अजून उरलेत. काय करू, सुचवा. 'लॅम्प' म्हणेल त्याला अनफ्रेंड करण्यात येईल.