पवनाकाठचा रस्ता ‘सपाट’? कुठून?

मावळातल्या पवना धरणाच्या काठाने धावायचा रस्ता ‘सपाट आणि नवशिक्यांसाठी सोपा’ असं तुमच्या लेखात म्हटलंय, ते काही पटलं नाही. काले कॉलनीच्या आसपास ठीक आहे, पण तिकोना पेठ मागे टाकून जवण, मोरव्याकडून तुंग किल्ल्याच्या दिशेला लागा आणि मग सांगा! पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसतं-लपतं आणि रस्ता सारखा वर-खाली. गेल्या वर्षी याच ‘सपाट’च्या भरवशावर अर्धा लिटर पाणी घेऊन निघालो. तुंगचा सुळका समोर यायच्या आधीच बाटली रिकामी, पोटऱ्या दगड. शेवटी एका घराच्या ओसरीवर आजींनी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा दिला, म्हणून परत आलो.

शिवाय लेखातलं ‘पावसाळ्यातच जा’ हेही अर्धवट. मी तर मे महिन्यात पहाटे साडेपाचला जायला सांगेन. पाणी ओसरलेलं असतं, एरवी बुडालेलं वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं, भेगाळलेल्या गाळातून चालत थेट तिथपर्यंत जाता येतं. फक्त शनिवार-रविवार टाळा, तंबूवाल्यांच्या गाड्यांपुढे धावायला कडासुद्धा उरत नाही.