होडीला पावती होती

चवथीला डिचोलीला घरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दर्शनाला एमएस्सीच्या वेळचा मित्र आला. तो आता गोव्यातच प्राध्यापक आहे आणि त्याला केंद्राच्या निधीतून तीन वर्षांचा प्रकल्प मिळालाय: खाजन शेतीत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांत, खारं पाणी किती आत शिरतं ते मोजायचं. दर पंधरवड्याला मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर) जाऊन पाण्याचे नमुने आणायला त्याला चार विद्यार्थी हवेत, आणि त्यांना तासाच्या हिशेबाने पैसे द्यायचे आहेत. एवढंच तो बोलला, आणि गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसल्या बसल्या वाद पेटला.

आमचे एक निवृत्त सर आले होते. ते म्हणाले, "पोरं शिकायला येतात की रोजावर?" दुसऱ्याचं म्हणणं, की एकाला दिलेस की उद्या सगळे मागतील. तिसरा हिशेबखात्यातला माणूस, त्याने एकच प्रश्न विचारला: "खर्चाचं हेड कुठलं दाखवणार?" मी नेवरी (करंजी) खात गप्प बसलो. परदेशातून आलेल्याने पहिल्याच दिवशी तोंड उघडू नये, एवढं आता कळतं. म्हणून हे इथे जर्मनीत परत आल्यावर लिहितोय.

सरांचं म्हणणं मला नवीन नव्हतं. वीस वर्षांपूर्वी मीही तेच मानत होतो. मांडवीच्या मुखाकडचे नमुने आणायला आम्ही तिघं पहाटे रायबंदरच्या धक्क्यावर जमायचो. सुकती (ओहोटी) लागायच्या आत काम उरकावं लागे. होडी चालवणाऱ्या तांडेलाला दिवसाचं भाडं ठरलेलं होतं, त्याची रीतसर पावती व्हायची. बाटल्यांची पावती व्हायची, बर्फाची व्हायची, डिझेलची व्हायची. आम्हाला सर स्वतःच्या खिशातून चहा आणि भाजी-पाव द्यायचे. ही त्यांची पदरमोड होती, आणि ते मनाने खरंच चांगले होते. पण त्या प्रकल्पाच्या कागदांत होडी होती, आम्ही नव्हतो.

सुरुवातीला आम्ही चौघं होतो. चौथा वाळपईचा. वाळपईहून पहिली बस पकडूनसुद्धा तो सुकतीच्या वेळेला धक्क्यावर पोचू शकत नव्हता, आणि पणजीत खोली घेऊन राहणं परवडत नव्हतं. दोन महिन्यांनी तो यायचा थांबला. आम्ही म्हणालो, त्याला आवड नाही. आमच्या तिघांपैकी दोघांची घरं पणजीत होती आणि मी मावशीकडे राहत होतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याची आवड आम्ही बसच्या वेळापत्रकावरून मोजली.

आता मी उत्तर जर्मनीतल्या एका बंदराच्या गावात नदीमुखातल्या गाळावर काम करतो. इथे प्रकल्पाचा अर्ज लिहितानाच कर्मचाऱ्यांच्या खर्चात विद्यार्थी सहाय्यकाची ओळ घालता येते. या पोरांना इथे 'हिवी' म्हणतात. बहुतेक राज्यांच्या विद्यापीठांत २०२५ च्या उन्हाळी सत्रापासून त्यांचा दर ताशी किमान १३.९८ युरो झाला, आणि करार साधारणपणे निदान एक वर्षाचा हवा, असं राज्यांचं कामगार संघटनांशी ठरलेलं आहे. महिन्याला चाळीस तास धरले तर साडेपाचशे युरोंच्या वर जातात. (याचे रुपये करून बघू नका. खोलीचं भाडं भरलं की त्यातलं फारसं उरत नाही.) भारतातून शिकायला आलेल्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, पण विद्यापीठातलं हे सहाय्यकाचं काम त्या दिवसांत धरत नाहीत. आपल्याकडची पोरं ज्या नोकरीसाठी धडपडतात ती ही.

स्वर्ग वगैरे काही नाही. मी पाहिलंय की प्राध्यापक आपल्या सेमिनारमधलाच चुणचुणीत मुलगा उचलतात, जाहिरात बऱ्याचदा निघतच नाही. कागदावर दहा तास आणि प्रत्यक्षात पंधरा, हेही चालतं. आणि एक गोष्ट मला अजून बोचते. माझा एक हिवी गाळणीवरचा नमुना अर्धवट ठेवून बरोबर चार वाजता उठला. अजून अर्धा तास थांबला असता तर आम्हाला हवा तो आकडा त्याच दिवशी मिळाला असता. मला राग आला. सरांचे शब्द आठवले, शिकायला येतात की रोजावर. दुसऱ्या दिवशी त्याने तो नमुना पूर्ण केला, आकडा तोच आला आणि माझ्या रागाला काही कारण उरलं नाही. तरी खरं सांगायचं तर थोडा राग शिल्लक राहिलाच.

आपल्याकडे पैसेच नाहीत, असं कुणी म्हणू नये. 'नेट' किंवा 'गेट' ही परीक्षा पास होऊन जेआरएफ (पीएचडीच्या सुरुवातीची संशोधनवृत्ती) मिळाली की २०२३ च्या १ जानेवारीपासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत, त्याआधी ३१,००० होते. देशभरच्या संशोधकांनी आवाज उठवल्यावर ती वाढ झाली. पण ही शिडी वरच्या पायरीपासून सुरू होते. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाची मुलगी आठवड्याला आठ तास बांधावर उभी राहते, तिच्यासाठी प्रकल्पात सहसा पायरीच नसते. मग प्राध्यापक 'इतर खर्च'मधून काहीतरी करतात, प्रवासखर्चाची बिलं जमवतात, नाहीतर प्रमाणपत्र देतात. २०२४-२५ मध्ये गोव्यात रोजगार हमीवर माती उपसणाऱ्याचा दिवसाचा दर ३५६ रुपये होता. म्हणजे बांधावर माती टाकणाऱ्याच्या कामाची किंमत सरकारने ठरवली आहे. त्याच बांधावर पाणी मोजणारीची ठरवलेली नाही.

गुरू-शिष्याच्या नात्यात पैसा आला की पावित्र्य जातं, असं सर म्हणाले तेव्हा मला भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणारे मुंडकार आठवले. भाटकाराच्या घरी लग्न असो की नारळ पाडायचे असोत, मुंडकाराने हजर व्हायचं, आणि त्यालाही नातंच म्हणायचे. ते नातं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. माझ्या आजीचं भाटकारणीवर जीव ओवाळून टाकण्याइतकं प्रेम होतं. तरी १९७५ साली मुंडकारांसाठी कायदा करावा लागलाच.

आणि पावित्र्याची गोष्ट निघालीच आहे तर आपलेच बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी बघा. सांखवाळचा माणूस, पाली शिकायला लंकेपर्यंत गेलेला. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट काय, तर महाराष्ट्रात कुठल्याही गावी राहा आणि वर्षाला एक पुस्तक बडोद्यासाठी लिहा. हजेरी नाही, कोटेशन नाही. पुढे १९१० मध्ये ते 'विशुद्धिमार्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाला मदत करायला अमेरिकेत हार्वर्डला गेले, आणि तिथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयावरून त्यांचा खटका उडाला. नाव कुणाचं लागणार, हा प्रश्न पैसे मिळूनही सुटला नाही. म्हणून मित्राला मी फोनवर दोन्ही विचारलं: दर किती देणार, आणि शोधनिबंधात पोरांची नावं कुठे घालणार? दुसऱ्या प्रश्नावर तो जरा थांबला.

मला खरी धास्ती ओळखीपाळखीची वाटते. गोवा एवढासा. चार जागा निघाल्या की पाचवा फोन कुणाच्या तरी काकांचा येणार, 'आमचोच मनीस' म्हणून. सूचनाफलकावर कागद लावा, मुलाखत घ्या, दर आधीच लिहा. तरी फोन येईल. पण फुकटात काम करायचं असतं तेव्हा फोन येत नाहीत आणि वाळपईचा मुलगाही येत नाही, हेही पाहिलंय.

गेल्या आठवड्यात मित्राचा निरोप आला. हिशेबखात्याने त्याला सांगितलंय की सेवा बाहेरून घ्यायची तर तीन कोटेशनं लागतील. चार पोरांसाठी तीन कोटेशनं! त्याने पुढच्या वर्षाच्या मागणीत नवीन ओळ घातली आहे, विद्यार्थी सहाय्यक, तासावर, आणि नमुना म्हणून इथला एखादा करार मागवलाय. मी कोरा फॉर्म पाठवला, खाली मराठीत कलमांचा अर्थ लिहून. रात्री उशिरा त्याचं उत्तर आलं: "सातव्या कलमात भरपगारी रजा लिहिलीय. तुझी भाषांतरात चूक झालीय का?"

चूक झालेली नाही, असं कळवलंय.