आवाज बारीक ठेवल्याने रेडिओग्राम वाचत नाही

परवा आत्याने मला एक निरोप फॉरवर्ड केला. ‘जुना रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच लाकडी पेटीत) घरच्या घरी सुरू करा’ असं ठळक शीर्षक, खाली सहा मुद्दे आणि शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’. महिनाभरात हाच निरोप मला तिसऱ्यांदा आला होता. पहिल्या दोन वेळा मी तो वाचून सोडून दिला. या वेळी मात्र आत्याने खाली स्वतः लिहिलं होतं, ‘आप्पांचा रेडिओग्राम आज संध्याकाळी लावून बघते.’ हातातलं काम टाकून मी फोन केला.

“आत्या, प्लगला हात लावू नकोस.”

“अगं, पण त्यात लिहिलंय ना, आवाज बारीक ठेवायचा म्हणून. मग काही होत नाही.”

हे ‘काही होत नाही’ मला असह्य झालं, म्हणून हे सगळं लिहिते आहे. ज्यांना निरोप आला नसेल त्यांच्यासाठी त्यातले मुद्दे असे. एक, जुनी बनावट मजबूत असते, सेट थेट प्लगला लावा आणि आवाज बारीक ठेवून दोन तास चालू ठेवा, आतले भाग हळूहळू ‘जागे’ होतात. दोन, रेकॉर्डी स्पिरिटने पुसा. तीन, सुई उडत असेल तर टोनआर्मवर, म्हणजे सुईच्या दांडीवर, नाणं ठेवा. चार, व्हॉल्व्हच्या, म्हणजे आतल्या दिव्यासारख्या नळ्यांच्या, काचेवरचा चंदेरी थर पाऱ्याचा असतो, ते व्हॉल्व्ह टाकून द्या. पाच, व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत, तेव्हा आतलं सगळं काढून ब्लूटूथचा बोर्ड बसवा. सहा, लाकूड पॉलिश पेपरने घासून नवं करा.

बाकीच्या पाचही मुद्द्यांनी मिळून होणार नाही एवढं नुकसान पहिला मुद्दा एकटा करतो.

पन्नास-साठ वर्षं बंद असलेल्या सेटमध्ये दोन जातींचे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, दगा देतात. एक इलेक्ट्रोलिटिक, ते पत्र्याच्या डब्यांसारखे दिसतात. दुसरे कागदाचे, मेणात बुडवलेले किंवा डांबरासारख्या काळ्या लेपाचे. इलेक्ट्रोलिटिकमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो आणि वीज अडवण्याचं काम तोच करतो. वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की हा थर खराब होत जातो. ‘जागे होतात’ या शब्दात थोडं तथ्य आहे ते इथे. व्होल्टेज अगदी हळूहळू वाढवत नेलं आणि करंट मर्यादेत ठेवला तर हा थर पुन्हा धरतो. मेकॅनिक त्याला रिफॉर्मिंग म्हणतात. एवढं मला मान्य करावं लागेल. पण थेट प्लग लावला की काही सेकंदांत त्या कंडेन्सरवर पूर्ण व्होल्टेज येतं. त्यात हळूहळू काहीच नाही. आतला द्रव वाळून गेला असेल तर रिफॉर्मिंगही उपयोगाचं नाही. असा कंडेन्सर तापतो, फुगतो, कधी फुटतो आणि जाताना रेक्टिफायर (एसीचं डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हला किंवा मेन्स ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातो.

कागदाच्या कंडेन्सरचं दुखणं वेगळं आहे. कागदात दमटपणा शिरलेला असतो आणि तो दोन तास काय, दोन दिवस चालू ठेवूनही बरा होत नाही. त्यातला एक तर सगळ्या सेटचा जीव घेऊ शकतो. त्याला कपलिंग कंडेन्सर म्हणतात. अलीकडे आधीच्या व्हॉल्व्हची प्लेट, म्हणजे करंट गोळा करणारा पत्रा, तिथे शंभर-दीडशे व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज. पलीकडे शेवटच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हचा ग्रिड, ही करंट आवरून धरणारी जाळी. गाण्याचा सिग्नल पुढे जाऊ द्यायचा आणि डीसी अडवून धरायचं, एवढंच त्याचं काम.

त्या काळच्या कितीतरी रेडिओग्रामांत आउटपुटला ईएल८४ हा व्हॉल्व्ह आहे. त्याची फिलिप्सची डेटाशीट सहज मिळते, निरोप पुढे पाठवण्याआधी प्रत्येकाने ती एकदा उघडावी. प्लेटला २५० व्होल्ट, ग्रिड कॅथोडपेक्षा (करंट जिथून निघतो त्या भागापेक्षा) ७.३ व्होल्ट खाली, प्लेटचा करंट ४८ मिलिअँपिअर. गुणाकार केला तर १२ वॅट होतात, आणि प्लेटने सोसायची कमाल मर्यादाही त्याच कागदावर १२ वॅट अशीच दिली आहे. म्हणजे सगळं ठणठणीत असतानाही हा व्हॉल्व्ह आपल्या मर्यादेवरच उभा असतो. आता कपलिंग कंडेन्सरमधून १० मायक्रोअँपिअर गळती धरा. ग्रिडपासून चासीपर्यंत, म्हणजे सेटच्या पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत, समजा ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स आहे. त्यावर ४.७ व्होल्ट पडतात, आणि ग्रिडला खाली धरून ठेवणाऱ्या ७.३ मधले तेवढे वजा होतात. कॅथोडचा रेझिस्टन्स थोडं सावरून घेतो, पण करंट मर्यादेच्या वर जातोच. प्लेट लाल होते. तिथून जाणारा सगळा करंट स्पीकरच्या आधीच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून, म्हणजे पहिल्या गुंडाळीतून, येतो, आणि ती तार केसाएवढी बारीक असते.

आता ‘आवाज बारीक ठेवा’ बद्दल. आवाजाचं बटण या सगळ्याच्या आधी बसवलेलं असतं. ते सिग्नल कमी करतं, गळतीवर त्याचा काहीही ताबा नाही. शिवाय एकटा ईएल८४ असलेला आउटपुट क्लास ए मध्ये चालतो. गाणं जोरात असो की स्पीकरमधून चकार शब्द येत नसो, तो जवळजवळ तेवढाच करंट घेतो. म्हणजे माणूस आवाज बारीक करून निर्धास्तपणे दुसऱ्या खोलीत जातो, आणि तिकडे त्या दोन तासांत ट्रान्सफॉर्मर शिजत असतो. हा सल्ला लिहिणाऱ्याने त्या सेटचा सर्किट डायग्राम एकदाही पाहिलेला नाही, हे मी खात्रीने सांगते.

आत्याकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. मागचा पुठ्ठा काढला, तर धुळीखाली आउटपुट व्हॉल्व्हच्या बेसजवळ तो कपलिंग कंडेन्सर दिसला. त्याच्या एका टोकाकडून मेणाचा ओघळ येऊन चासीवर थिजला होता. इलेक्ट्रोलिटिक आधी बदलले. मग सेट १०० वॅटच्या साध्या तारेच्या दिव्याशी सिरीजमध्ये लावला. आत शॉर्ट असेल तर दिवा भगभगीत पेटून तसाच राहतो आणि सेट वाचतो, ठीक असेल तर तो मंद होतो. दिवा मंद झाला. मीटर पिन २ वर लावला, ईएल८४ चा ग्रिड तिथे असतो. तिथे चासीच्या मानाने शून्य हवं. होते ३.८ व्होल्ट, तेही दिव्यामुळे सेटला पूर्ण व्होल्टेज मिळत नसताना. कंडेन्सर बदलला, मीटर शून्यावर आला. आत्याने ते दोन्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले.

हे स्वतः करायला निघालेल्यांना एक गोष्ट बजावून सांगते. आत २५०-३०० व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये राहू शकतं. रेझिस्टन्स लावून ते उतरवायचं आणि उतरलं की नाही हे मीटरने पाहायचं. हे येत नसेल तर जाणत्या मेकॅनिककडे सेट द्या. आणि घुंऽऽ आवाज जावा म्हणून मूळच्यापेक्षा मोठा कंडेन्सर घालू नका. ईझेड८१ रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. तिथे २२० चा घातला की दर वेळी सुरू करताना त्या व्हॉल्व्हवर घाव बसतो.

स्पिरिटचा मुद्दा वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण सेट दुरुस्त होतो, तबकडी होत नाही. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, जड, पडली की फुटणाऱ्या तबकड्या लाखेच्या असतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार फर्निचरला जे पॉलिश करतात ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाखच. ज्या द्रवात चपडा विरघळवून पॉलिश तयार होतं, त्याच द्रवाने चपड्याची तबकडी पुसायला सांगणं म्हणजे तिच्यावरचं गाणं पुसायला सांगणं आहे. विनाइलच्या एलपी पुष्कळ लोक पातळ केलेल्या आयसोप्रोपिलने धुतात, ते खरं आहे. पण निरोपात सरसकट ‘रेकॉर्डी’ म्हटलंय, आणि आप्पांच्या खणातल्या निम्म्या तबकड्या ७८ च्या आहेत. त्यांना मऊ ब्रश, थोडं डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा थेंब पुरे. लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच टिपून घ्यायचं.

नाण्याचं उत्तर लहान आहे. सुई उडते ती बहुतेक वेळा आर्मच्या बिजागरीतलं किंवा चेंजरमधलं (आपोआप रेकॉर्ड बदलणाऱ्या यंत्रणेतलं) ग्रीस वाळून घट्ट झाल्यामुळे, नाहीतर सुई झिजल्यामुळे. नाणं ठेवून ते कारण जात नाही, फक्त झिजलेलं टोक खाचेत आणखी जोराने घुसतं. त्याआधी सुई योग्य बाजूला वळवली आहे का ते पाहा. ७८ च्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ०.००३ इंच, १९४८ मध्ये आलेल्या एलपीच्या सुईची ०.००१ इंच. बऱ्याच पिकअपमध्ये, म्हणजे आर्मच्या टोकाच्या डोक्यात, दोन्ही सुया असतात आणि छोट्या दांडीने फिरवायच्या असतात. एलपीवर ७८ ची सुई लावून नंतर पिकअपला दोष देणारे मी पाहिले आहेत. आणि जुनं मोनो पिकअप स्टीरिओ रेकॉर्डवर लावू नका. त्याची सुई वरखाली पुरेशी हलत नाही, ती स्टीरिओची खाच खरवडते.

चंदेरी थर पाऱ्याचा नाही. त्याला गेटर म्हणतात, आणि तो बहुधा बेरियमचा असतो. व्हॉल्व्ह बनवताना आत उरलेला वायू शोषून घ्यायला तो काचेवर उडवतात. तो चंदेरी आहे म्हणजे आतली पोकळी शाबूत आहे. पांढरा पडला तर हवा शिरली, तो व्हॉल्व्ह गेला. म्हणजे निरोप चांगले व्हॉल्व्ह ओळखण्याची खूण सांगतो आणि तेच टाकून द्यायला लावतो. जुन्या रेडिओत मौल्यवान ‘लाल पारा’ असतो, ही सेट फोडायला लावणारी अफवाही याच अज्ञानावर जगते. असा पारा कुठल्याही रेडिओत नाही.

व्हॉल्व्ह मिळत नाहीत हेही खोटं आहे. ईएल८४ आणि ईसीसी८३ गिटारच्या ॲम्प्लिफायरला लागतात म्हणून आजही नवे बनतात. रेडिओच्या भागातले काही जुन्या साठ्यातून शोधावे लागतात, एवढीच अडचण. फोनवरची गाणी या सेटवर ऐकायची इच्छा मला समजते, त्या मोठ्या लाकडी पेटीतल्या स्पीकरचा भरदार आवाज मलाही आवडतो. त्यासाठी आतडी काढायची गरज नाही. पुष्कळ सेटच्या मागे बाहेरच्या पिकअपसाठी जोडणी असते, ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर तिथे लागतो. फक्त आधी सेटला मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे याची खात्री करून घ्या. तो नसलेल्या एसी/डीसी सेटची चासी थेट मेन्सला जोडलेली असू शकते, त्याला बाहेरची कुठलीही तार जोडू नका.

लाकडाबद्दल एवढंच, की वरचं सुंदर लाकूड म्हणजे मिलिमीटरभरही जाडी नसलेलं विनीर असतं. पॉलिश पेपर कोपऱ्यावर चार वेळा फिरला की खालचं साधं लाकूड दिसतं, आणि ते झाकता येत नाही. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून बघा. आत्याच्या सेटवरून निघालेलं पाणी चहासारखं तपकिरी होतं आणि त्याखालचं पॉलिश जवळपास जसंच्या तसं होतं.

संध्याकाळी आम्ही आप्पांची एक एलपी लावली. पहिली बाजू संपेपर्यंत आत्या खुर्चीवरून उठली नाही. मग तिला आठवलं, हा निरोप तिने स्वतः तिघींना पाठवला होता. तिने लगेच तिघींना फोन लावले. दोघींनी अजून सेट उघडलाही नव्हता. तिसरीने आदल्या रात्री प्लग लावला होता, आवाज बारीक ठेवून. तिच्या सेटचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर सध्या माझ्या टेबलावर आहे. मीटर प्रायमरीत तार तुटलेली दाखवतो, आणि तो पुन्हा गुंडाळायला द्यावा लागणार आहे.