ढकलपास : जिल्ह्यात नव्याने रुजू होणाऱ्या साहेबांसाठी

सर्वप्रथम अभिनंदन. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाची खुर्ची तुम्हाला मिळाली. सत्काराच्या शाली घरी पाठवा, नारळ शिपायांना वाटून टाका आणि दार जरा लोटून घ्या. प्रशिक्षणात कधीच न सांगितल्या जाणाऱ्या काही गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी भाषा सुधारा. 'ढकलपास' हा शब्द पारावर ठीक आहे, तुमच्या दालनात चालणार नाही. आपल्याकडे मूल ढकलले जात नाही, ते 'पुढील इयत्तेत प्रविष्ट' होते. ते मागे पडत नाही, 'अध्ययन स्तर निश्चितीत प्रारंभिक स्तरावर आढळून येते'. नापास तर कोणी होतच नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर मध्यंतरी 'अनुत्तीर्ण'च्या जागी 'कौशल्य विकासास पात्र' असे छापून आले, तेव्हा मंडळाने जे दहावीत केले ते आपण पहिलीपासून करू शकतो, हे लक्षात घ्या. एखाद्या भाबड्या शिक्षकाने 'सातवीतल्या या मुलाला वाचता येत नाही' असे सरळ लिहून पाठवले, तर त्याच्याकडून ताबडतोब खुलासा मागवा. असे लिहिणाऱ्यांची संख्या कमी ठेवणे हीच गुणवत्तावाढ.

आता कायदा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. लागू झाला १ एप्रिल २०१०ला. (तारखेवरून विनोद करू नका, सगळ्यांचे करून झाले आहेत.) यातले कलम १६ तेवढे पाठ करा : प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला मागच्या वर्गात ठेवायचे नाही, शाळेतून काढायचे नाही. बाकीची पाने मात्र उघडू नका. तिथे कलम २४ आहे, त्यात शिक्षकाने प्रत्येक मुलाची कुवत पाहावी आणि गरज असेल तर जादा शिकवावे असे लिहिले आहे. कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आणि कलम ९ तर अगदीच अडचणीचे. चांगल्या दर्जाचे शिक्षण मिळते की नाही हे पाहण्याची जबाबदारी त्यात स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे, आणि स्थानिक प्राधिकरण म्हणजे तुम्ही ज्या इमारतीत बसला आहात ती.

म्हणजे कायद्याने एका हाताने सांगितले, मुलाला नापास करू नका. दुसऱ्या हाताने सांगितले, कारण तुम्ही त्याला वर्षभर पाहणार आहात, अडेल तिथे हात देणार आहात. पहिल्या हाताला खर्च नाही. दुसऱ्याला शिक्षक लागतात, वेळ लागतो, पैसे लागतात. आपण पहिला हात घट्ट धरला. उगाच कंजूष म्हणून बदनाम होऊ नका. याला काटकसर म्हणतात.

तरी मूल्यमापनाचे काय, असे कोणी विचारलेच तर गांगरू नका. कागद तयार आहे. राज्याने ऑगस्ट २०१०मध्येच शासन निर्णय काढला. आकारिक (म्हणजे वर्षभर चालणारे) मूल्यमापन, संकलित (म्हणजे सत्राअखेरचे) मूल्यमापन, अ-१पासून इ-२पर्यंत नऊ श्रेणी. यातली इ श्रेणी धोक्याची. ती दिली की त्या मुलाला जादा मार्गदर्शन करून निदान ड पर्यंत आणावे लागते. अनुभवी गुरुजी म्हणून इ देतच नाहीत. क-२ ही महाराष्ट्रातली सर्वांत सुरक्षित श्रेणी आहे. अ-१ असेल तर कोणी मुलाला फळ्याजवळ बोलावून गणित घालील, इ-२ असेल तर कोणी गुरुजींना बोलावील. क-२ला कोणी कुठेही बोलावत नाही.

श्रेणीच्या शेजारी असतात वर्णनात्मक नोंदी, आणि इथे माझा ऊर भरून येतो. प्रत्येक मुलाविषयी, प्रत्येक विषयात, दोन्ही सत्रांत, गुरुजींनी स्वतः पाहून स्वतःच्या शब्दांत लिहायचे, अशी मूळ कल्पना. कल्पना खरोखर सुंदर होती, हे मी उपरोधाने म्हणत नाही. पण एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, शिवाय पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, ऑनलाइन माहिती भरायची, मतदार यादी घेऊन दारोदार फिरायचे. मग बाजारात तयार नोंदींची पुस्तके आली. पुढे त्यांच्या पीडीएफ आल्या, गटागटांतून फिरल्या. 'परिपाठात उत्साहाने सहभागी होतो.' 'निसर्गाविषयी आत्मीयता बाळगतो.' 'कविता तालासुरात म्हणतो.' 'मोठ्यांचा आदर करतो.' तुम्ही कोणत्याही तालुक्यातले कोणतेही प्रगतिपत्रक उचला, महाराष्ट्रात मोठ्यांचा आदर न करणारे एकही मूल सापडणार नाही. घरोघरचे अनुभव वेगळे असतील, पण घरोघरी नोंदवही नसते. 'सुधारणा आवश्यक' असा एक रकानाही असतो. तिथे 'अक्षर सुधारावे' एवढे लिहिले की भागते. वाचता न येणाऱ्या मुलाने अक्षर सुधारायचे म्हणजे नेमके काय करायचे, असला प्रश्न मनात आला तर पाणी प्या.

शाळा भेटीलाही जावेच लागेल. गाडी फाट्यावर आली की केंद्रप्रमुखांचा फोन शाळेत पोचलेला असतो, त्यामुळे रांगोळी ताजी मिळेल. वर्गात गेल्यावर पुस्तक मधूनच उघडू नका. पहिला धडा मुलांना पाठ असतो. तो वाचायला सांगा आणि पाने उलटण्याच्या वेळेकडे लक्ष देऊ नका. बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीवर असेल तर त्याला ओघवते वाचन म्हणा. समूहगीत ऐका. शेरेबुकात 'गुणवत्ता समाधानकारक, परिसर स्वच्छ' असे लिहून सही करा. परिसर खरोखरच स्वच्छ असतो, त्यामुळे निम्मा शेरा तरी खरा पडतो.

असरच्या, म्हणजे 'प्रथम' संस्थेच्या शिक्षण पाहणीच्या, अहवालाची बातमी येईल त्या दिवशी रजेवर राहा. २०२४च्या त्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले ४४.८ टक्के निघाली. २०२२मध्ये हा आकडा ३८.५ होता, म्हणजे सुधारणा आहे, आणि टिपणीत नेमके एवढेच घ्या. उरलेली ५५ टक्के आपल्याच वर्गात बसली आहेत आणि वर्षभराने सहावीत असतील, हे गणित घालायला कोणी सांगितलेले नाही.

तसे मोजण्यात आपण कधी कमी पडलो नाही. ऑक्टोबर २०११मध्ये सलग तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत उभे राहू नये म्हणून बोटाला शाई लावली गेली. मतदानाचे वय अठरा, पण शाईचा मान पोरांना सहाव्या वर्षी मिळाला. २०१६मध्ये तर गुरुजींनी मुलांसोबत सेल्फी काढून हजेरी पाठवावी असा आदेश निघाला होता. मूल आहे का, किती आहेत, कोणत्या शाळेच्या खात्यावर आहेत, हे आपण शाईने मोजले, फोटोने मोजले, आता पोर्टलवर मोजतो. त्यामागे कारणही आहे. कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ झाली की तीन. या एकसष्टाव्या मुलाला जपा. ते शिकले नाही तरी चालेल, पण रुसून दाखला मागून शेजारच्या शाळेत गेले तर एक अख्खा शिक्षक अतिरिक्त ठरतो. अशा मुलाला नापास कोण करील?

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, ही सगळी जुनी कहाणी झाली, आता नापास करता येते. बरोबर. २०१९मध्ये केंद्राने कलम १६ बदलले : पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास जादा शिकवणी, निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा, त्यातही गाडी अडली तर मुलाला त्याच वर्गात ठेवायचे की नाही हे राज्याने ठरवायचे. महाराष्ट्राने २०२३मध्ये आपले नियम बदलले आणि मुलाला त्याच वर्गात ठेवायचे ठरवले. वर्तमानपत्रांनी 'ढकलगाडी बंद' म्हणून आनंद साजरा केला. तुम्ही घाबरू नका, जरा कॅलेंडर घ्या. निकाल लागतो १ मेच्या सुमारास. फेरपरीक्षा जूनमध्ये. मधले दिवस जादा शिकवणीचे. म्हणजे सुट्टीचे. उन्हाचा कडाका, शाळेला कुलूप, गुरुजी गावी आणि मूल मामाच्या किंवा वीटभट्टीच्या गावाला. जे जून ते एप्रिल अशा अख्ख्या वर्षात जमले नाही, ते मे महिन्यात रिकाम्या वर्गात जमून जाते, अशी तरतूद आहे. श्रद्धा ठेवा.

शिवाय आपली शाळांची रचना पाहा, पूर्वजांनी किती दूरदृष्टीने केली आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंत, आणि मोठ्या गावातली शाळा सातवीपर्यंत. परीक्षा पाचवीत आणि आठवीत. चौथीपर्यंतच्या शाळेत चार वर्षे काढलेले मूल पाचवीला बाजारगावच्या हायस्कुलात जाते आणि तिथे नापास होते. सातवीपर्यंतचे मूल आठवीत कुठल्यातरी संस्थेच्या अनुदानित शाळेत अडकते. नापासाचा डाग ज्याच्या वर्गात पडला त्याच्या खात्यावर, आपली पाटी कोरी. पाचवीचा वर्ग चौथीला जोडण्याच्या फाइली वर्षानुवर्षे फिरतात. फिरू द्या.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले? दिवाळीनंतर आईबापांबरोबर गाडीत बसतात, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येतात. गावाकडच्या हजेरीपटावर ती बऱ्याचदा हजर असतात, कारण गैरहजर दाखवली तर प्रश्न येतात. हंगामी वसतिगृहाची योजना कागदावर नीट आहे. आजीकडे राहिलेल्या मुलाला गावातच दोन वेळचे जेवण आणि शाळा. अनुदान वेळेवर येते का, हे आजीला विचारू नका. तर असे मूल एप्रिलमध्ये फडावरून परतते आणि पाचवीच्या वार्षिक परीक्षेला बसते. नापास झाले तर ते मूल नापास. शाळा, केंद्र, तालुका, जिल्हा यांपैकी कोणाच्याही कपाळी तो शिक्का बसत नाही. नव्या नियमातली ही मला सर्वांत आवडलेली बाजू. आधी कोणीच नापास नव्हते. आता निदान एकाचे नाव नक्की सांगता येते, आणि ते दहा-अकरा वर्षांचे असते.

सर्वसाधारण सभेत, किंवा प्रशासक असतील तर आढावा बैठकीत, एखादा खवचट माणूस विचारीलच : 'साहेब, आमच्या गावच्या पोरांना सातवीत भागाकार का येत नाही?' यावर एक रामबाण उपाय आहे. शांतपणे त्यालाच विचारा, 'मग नापास करायचे का?' एवढे म्हणून मागे टेकून बसा. पुढचा दीड तास तुम्हाला बोलावे लागणार नाही. निम्मे सभागृह 'आमच्या वेळी छडी होती' म्हणून उठेल. उरलेले 'नापास झालेली पोरगी थेट मांडवात जाते' म्हणून उठतील. दोघेही खरे बोलत असतील. २००९पूर्वी नापास होऊन गुरे वळायला गेलेली पोरे ज्यांनी पाहिली, त्यांचे म्हणणे खोटे नाही. आणि आठवी पास होऊन स्वतःचे नाव अडखळत लिहिणारा पोरगा ज्यांनी पाहिला, त्यांचेही नाही. वाद रंगत जाईल, चहा येईल. मूल वर ठेवले काय आणि खाली ठेवले काय, त्याला शिकवणार कोण, कधी, कोणत्या तासाला, हे विचारायचे राहून जाईल. इतिवृत्तात लिहा, 'सविस्तर चर्चा झाली.'

एखादा शिक्षक मात्र तुम्हाला त्रास देईल. प्रत्येक जिल्ह्यात असे पाच-पन्नास असतात. संध्याकाळी शाळा सुटल्यावर ओट्यावर चार पोरांना घेऊन बसतो, जोडाक्षरांचे कागद स्वतःच्या पैशाने छापतो, नोंदवही अर्धी कोरी ठेवतो आणि विचारले तर म्हणतो, 'सर, ती आता वाचायला लागली.' अशा माणसाला दोनपैकी एक द्या : कोऱ्या नोंदवहीबद्दल नोटीस किंवा आदर्श शिक्षक पुरस्कार. पुरस्कार दिलात तर इतरांना व्याख्याने द्यायला त्याला केंद्राकेंद्रांत फिरवा. दोन्ही उपायांनी ओट्यावरचा वर्ग बंद पडतो.

राहता राहिली काळजी ही, की हे सगळे कधीतरी उघडे पडेल. पडते, नाही असे नाही. नववीत पडते. कायदा आठवीपर्यंतच, नववीत कलम १६ची छत्री मिटते आणि पोरे धडाधड गळू लागतात. पण नववी तुमच्याकडे नाही. ती शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे, त्यांचे दालन वेगळे, पाटी वेगळी. व्हरांडा तेवढा एकच. जाता येता नमस्कार करत जा.

शिवाय बदल्यांच्या कायद्याप्रमाणे एका जागी साधारण तीन वर्षे. आज पहिलीत असलेले पोर नववीला पोचेपर्यंत तुमची खुर्ची दोनदा-तीनदा बदललेली असेल. नशीब बलवत्तर असेल तर तुम्ही याच व्हरांड्यात पलीकडच्या दालनात, माध्यमिकला, याल. पहिल्याच बैठकीत नववीचा निकाल समोर ठेवला जाईल. तेव्हा चष्मा काढा, कपाळाला हात लावा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारा : 'अहो, ही मुले इथपर्यंत आलीच कशी?'