साय, संबळ आणि आमचा ग्रुप

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एकच भांडण चाललंय, कोकणातल्या कुठल्यातरी पोरांनी गिटारसोबत संबळ घेऊन देवराईतल्या वेताळावर घसा फाडून गाणं केलंय, तर निम्मे म्हणतात विटंबना आणि निम्मे म्हणतात हे गोऱ्यांचं सैतानी संगीत आपल्याला कशाला. मी नऊ वर्षं तोक्योत, त्यामुळे माझं मत कोणी विचारत नाही, पण देतोच.

परवा तोक्योतल्याच कोएंजी भागातल्या एका तळघरात ब्लॅक मेटल, म्हणजे तेच घसा फाडून गायचं 'सैतानी' संगीत, ऐकायला गेलो होतो. दारात तिकिटावर वर सहाशे येनचं ड्रिंकचं कूपन घ्यावंच लागतं, आत पन्नासेक माणसं, गाणं सुरू झालं की फासळ्या थरथरतात आणि संपलं की टाळ्या, मग अशी शांतता की कोणी खाकरलं तरी ऐकू येतं. नंतर ड्रमरच टेबल मांडून, कमरेत वाकून टी-शर्ट विकत होता. इथे बँडला बऱ्याचदा तिकिटांचा कोटा असतो, नोरुमा म्हणतात, खपली नाहीत तर पैसे त्यांच्याच खिशातून.

जपानी ब्लॅक मेटलवाल्यांतला जुनाजाणता बँड म्हणजे मिराई कावाशिमाचा साय (दुधावरची नव्हे, इंग्रजीतला उसासा). पहिला अल्बम 1993 साली आला, तोही नॉर्वेतल्या ब्लॅक मेटलवाल्या युरोनिमसच्या रेकॉर्ड लेबलवर, म्हणजे अगदी 'गोऱ्यांच्या' घरून. आणि 2022 च्या 'शिकी' अल्बममध्ये बघा, शाकुहाची बासरी, जपानी शब्द आणि मुळाशी 'ह्याकुनिन इश्शू' या शंभर कवींच्या जुन्या संग्रहातली कविता: वादळाने फुलं बर्फासारखी अंगणात पडतायत, पण खरं पडतंय ते माझं वय. 'फुरु' म्हणजे पडणं आणि म्हातारं होणंही, 'शिकी' म्हणजे चार ऋतू आणि मरणाची वेळही. इथपर्यंत यायला जवळपास तीस वर्षं गेली, आणि मला तरी त्यात संस्कृती वाचवायचा आव कुठे दिसत नाही, पन्नाशीतल्या माणसाला मरणाची भीती वाटते आणि ती त्याला स्वतःच्या भाषेतच वाटते, एवढंच.

आपल्या पोरांचं गाणंही ऐकलं, खोटं कशाला बोलू, संबळ पहिली वीस सेकंद वाजतो आणि गायब, वरून टाकलेल्या फोडणीसारखा. पण वेताळाची भीती खरी वाटली, रात्री देवराईच्या कडेने चालत गेलेल्या पोराची. अजून दहा वर्षं वाजवू द्या की त्यांना.

हे सगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून ग्रुपवर नुसती 'शिकी'ची लिंक टाकली. विटंबना म्हणणाऱ्याचाच पहिला रिप्लाय आला, "बघा, जपानी लोक आपली संस्कृती कशी जपतात!"